आठावर ठोकलेला तीन

फोन आला तेव्हा वेंडेल क्रूगर सकाळची अंडी तळत होता. पलीकडच्या बाईने नाव-गाव काही न सांगता एकदम विचारलं, "बावीस वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हणणारा माणूस तूच का?"

वेंडेलने गॅस बंद केला. जुन्या गाड्यांचे भाव ठरवण्याच्या धंद्यात असे फोन नवे नसतात. लोकांना आपल्या मुलांबद्दल खरं बोललेलं एक वेळ चालतं, गाडीबद्दल चालत नाही.

"कोण बोलतंय?"

"ओरा गेन्स. सॅगिनॉ. नवरा थर्मन. गाडी केस्ट्रेल, हिरवी, एकोणीसशे सत्तरची. आठवलं, की आणखी खुणा सांगू?"

आठवलं कसलं, गेल्या जानेवारीपासून ती हिरवी गाडी त्याच्या डोक्यातून जातच नव्हती. पण ते तो बाईला बोलला नाही.

"घर आवरतेय," बाई म्हणाली. "पंधरा दिवसांत आम्ही मुलीकडे मेकनला चाललोय, कायमचे. थर्मनच्या मोज्यांच्या कप्प्यात तुझं कार्ड सापडलं. 'इंजिन मूळचं नाही. नंबर बनावट. नक्कल.' खाली तुझी झोकदार सही. मला वाटायचं, याने प्रदर्शनाला जाणं गुडघ्यामुळे सोडलं! आता मिडलंडचा एक दातांचा डॉक्टर शनिवारी पैसे घेऊन येतोय. बत्तीस हजार. का, तर नक्कल. त्याच्या आत तू ये. माझ्या नवऱ्याने नंबर खोटा ठोकला हे माझ्यासमोर सिद्ध कर, नाहीतर ते कार्ड स्वतःच्या हाताने फाड."

"मिसेस गेन्स, मी उद्या सकाळी..."

"आज ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वेंडेलने अंडी तशीच कढईत सोडली आणि पेटी भरायला घेतली.

वेंडेल एकसष्ट वर्षांचा, एकटा, बे सिटीत राहणारा. दोन बायका आणि एक होडी, तिन्ही तो गमावून बसला होता. राहिलं होतं ते भिंग, टॉर्च, छोटा आरसा आणि एक कीर्ती. त्याने 'अस्सल' म्हटलं की मसल कारचा भाव तिप्पट, 'नक्कल' म्हटलं की एक तृतीयांश. मसल कार म्हणजे काय, तर साध्या घरगुती गाडीत ट्रक ओढेल एवढं इंजिन कोंबायचं आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांना विकायचं. सत्तर सालच्या आसपास अमेरिकेने हा उद्योग मोठ्या हौसेने केला. निम्म्या गाड्या झाडांवर गेल्या, उरलेल्या गंजल्या. मग ज्यांना सतराव्या वर्षी ती गाडी परवडली नव्हती ते पन्नाशीचे झाले, त्यांच्याकडे पैसा आला, आणि भाव असे चढले की लोक साधं मॉडेल घेऊन त्याला मोठं इंजिन, पट्टे आणि बिल्ले लावून भारीचं म्हणून खपवू लागले. तेव्हा खरं-खोटं ठरवायला उरला एक नंबर. गाडीचा जो नंबर पुढच्या काचेखाली, तोच कारखान्याने इंजिनावर ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर सोनं, नाही जुळले तर लोखंड.

आता ते पन्नाशीचे हौशी सत्तरीला टेकलेत आणि साध्या गाड्यांचे भाव उतरतायत. पण ज्या गाडीचा जन्म ते आजचा दिवस कागदानिशी सांगता येतो, तिचा भाव अजून चढतोच आहे. लोकांना गाडीपेक्षा खात्री जास्त महाग पडते, असं वेंडेल म्हणायचा. ही खात्री विकूनच त्याचं पोट भरत होतं.

गेन्सची गाडी त्याने पाहिली ती सन दोन हजारच्या सप्टेंबरात, फ्रँकनमुथच्या प्रदर्शनात. त्या दिवशी त्याला साठ गाड्या तपासायच्या होत्या. प्रत्येकीला चार मिनिटं. काचेखालचा आणि इंजिनावरचा नंबर जुळत होता. पण इंजिनावरचा पाचवा आकडा डावीकडे कललेला, आणि त्या तिनाच्या पोटात आणखी एक आकडा दिसत होता. आठ. म्हणजे आठावर तीन ठोकलेला. म्हणजे कुणीतरी दुसरंच इंजिन आणून नंबर बदललेला. वेंडेलने कार्डावर 'नक्कल' लिहिलं आणि पुढच्या गाडीकडे गेला. मालकाने, एका उंच काळ्या गृहस्थाने, कार्ड वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "बरं." भांडला नाही, की पुरावा दाखवला नाही. खोटं पकडलं गेलेला माणूस असाच गप्प होतो, असं तेव्हा वेंडेलला वाटलं होतं.

आणि मग या जानेवारीत ओहायोहून एकाने त्याला फोटो पाठवला. तीही केस्ट्रेल, त्याच महिन्यातली, पहिल्या मालकाच्या पावतीपासून सगळे कागद जागेवर, संशयाला जागा नाही. आणि तिच्या इंजिनावरचा तीनही डावीकडे कललेला. तसाच, तितकाच.

दोन गाड्या, तीनशे मैल लांब, आणि एकाच ढंगाने कललेला तीन. सहा महिने वेंडेल या कोड्याने हैराण होता. फोन करून विचारायचं धाडस मात्र त्याने केलं नव्हतं. उत्तर काय निघेल याची त्याला उत्सुकता होती आणि भीतीही.

*

गॅरेजचं दार उघडंच होतं. थर्मन गेन्स अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. पाठ वाकली होती, पण गाडी अशी ठेवली होती की वेंडेल क्षणभर सगळं विसरला. रंग मूळचा, कुठे कुठे विटलेला, पण एकदाही पुन्हा न मारलेला.

"तिने बोलावलं, मी नाही," थर्मन म्हणाला. "मी तर म्हणतो, बत्तीस हजारात देऊन टाकू. डॉक्टर बरा माणूस आहे."

"बत्तीस हजारात देऊन टाकू म्हणे!" दारातून आवाज आला. ओरा गेन्स एका खुर्चीत बसली होती, बरोबर तिथे जिथे गॅरेज संपून अंगण सुरू होतं. बुटकी, चष्मेवाली, हातात कागदाचा पंखा. "दान करायला बसलाय. हे घे तुझं कार्ड, ठेव खिशात, वेंडेल क्रूगर. आणि चहा विचारणार नाहीये मी, आधीच सांगते."

"तुम्ही आत या ना, मिसेस गेन्स. तुमच्यासमोरच बघू."

"मी त्या गाडीजवळ येत नसते."

वेंडेलने थर्मनकडे पाहिलं. थर्मन छताकडे बघत होता.

"बावन्न वर्षं झाली," ओरा म्हणाली. "सत्तर सालच्या जूनमध्ये घराचा पहिला हप्ता साठवून ठेवला होता आम्ही. विटांचं घर, मागे पीचचं झाड. हा पठ्ठ्या कामावर जातो म्हणून गेला आणि संध्याकाळी ही घेऊन आला! एका शब्दाने न विचारता. पुढची अकरा वर्षं आम्ही न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत काढली. त्याच दिवशी सांगितलं, मेले तरी हिच्यात बसणार नाही. चर्चला बसने गेले, बाळंतपणाला भावाच्या ट्रकमधून गेले. विचार त्याला."

"पहिल्याला ट्रक, दुसरीला टॅक्सी," थर्मन म्हणाला.

"तू गप बस."

वेंडेलने दार उघडून आत डोकावलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. ड्रायव्हरची सीट वापरून मऊ पडलेली, शिवणी उसवलेल्या. शेजारच्या सीटवर मात्र कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तसंच्या तसं होतं. पिवळं पडलेलं, कडक झालेलं, पण कुठे टरकलेलंसुद्धा नाही.

"इथे कुणीच बसलं नाही?" त्याने विचारलं.

"नाही," थर्मन म्हणाला.

"मित्र, मुलं?"

"मुलं मागे बसायची. ती जागा तिची आहे."

"मग तर हात लावू नका त्याला. बावन्न वर्षांचं कारखान्याचं प्लास्टिक! नुसत्या त्याचेच तीनेक हजार देणारे वेडे आहेत."

"प्लास्टिकचे?" ओराने पंखा थांबवला. "अख्खा देश येडा झालाय."

वेंडेलने बॉनेट उघडलं. इंजिनाच्या पंख्याच्या वर, टपालाच्या दोन तिकिटांएवढी ती नंबरची सपाट जागा. बावीस वर्षांपूर्वी तिच्यावर तेलाचा थर होता आणि त्याच्याकडे चार मिनिटं होती. आज त्याने फडक्याने एकेक आकडा हळूहळू पुसला, टॉर्च आडवी धरली आणि भिंग लावलं.

जुना नंबर घालवायचा तर लोखंड घासावं लागतं. घासलं की यंत्राने कापताना उमटलेल्या केसासारख्या रेषाही जातात, आणि त्या परत आणता येत नाहीत. नकली नंबर म्हणूनच गुळगुळीत जागेवर बसलेले असतात, सरळ, देखणे. आणि इथे त्या रेषा होत्या. सगळ्या. या काठापासून त्या काठापर्यंत, आकड्यांच्या खालून अखंड गेलेल्या.

वेंडेलने भिंग पुन्हा एकदा फिरवलं. हे लोखंड कधी कुणी घासलंच नव्हतं. नंबर कारखान्यातच ठोकला होता, आणि बावीस वर्षं त्याने एका सरळ माणसाला बनावटगिरीचा शिक्का मारून घरी बसवलं होतं. लाज वाटली त्याला, सरळ सरळ लाज. पण सवय जात नाही. लाजेच्या आतूनही तो आठ त्याला टोचत होता. कारखान्यातच ठोकला, तर आधी आठ का? आणि तीन कललेला का?

"मिस्टर गेन्स," तो म्हणाला, "मी चुकलो होतो. इंजिन हिचंच आहे."

"ऐकलंस?" ओरा ओरडली. "ऐकलंस, थर्मन? फाड ते कार्ड, वेंडेल, आत्ता फाड!"

"फाडतो. पण एक अडचण आहे. मी नुसतं 'अस्सल' लिहून भागणार नाही. उद्या घेणारा दुसरा तपासनीस आणेल, त्याला हेच दिसेल आणि तोही माझ्यासारखंच म्हणेल. हे असं का झालं ते कुणीतरी सांगायला हवं. तुमच्यापैकी कुणी कॅल्डरमध्ये कामाला होतं का?"

कॅल्डर म्हणजे केस्ट्रेल बनवणारी कंपनी. नदीकाठचा तो कारखाना चौऱ्याहत्तर सालीच बंद पडला होता, आता तिथे गवत होतं.

"दोघंही," ओरा म्हणाली. "हा बॉडी जोडायच्या लाइनवर. मी इंजिनावर." तिची मान जरा ताठ झाली. "नंबर ठोकायचे मी. मार्च ते ऑक्टोबर, सत्तर. त्या टेबलावर बसलेली पहिली बाई. फोरमन रोज वाट बघायचा मी कधी चुकते याची. म्हणायचा, एक आकडा चुकला की घरी. माझ्याआधीच्या पुरुषाला नुसता दम दिला होता, मला घरी पाठवणार होता."

वेंडेल भिंग हातात धरून उभाच राहिला. ओराच्या हातातला पंखा आता त्याला नीट दिसला. तो डाव्या हातात होता.

"तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"जन्मापासून. हातोडा डाव्या हातात, म्हणून माझे आकडे, तीन तर हमखास, डावीकडे झुकायचे. त्यावरूनही बोलायचा तो मेला."

ओहायोचा तीन. सहा महिन्यांचं कोडं असं खुर्चीत बसून पंखा हलवत होतं. वेंडेलला हसू आवरेना. "मिसेस गेन्स, मग हा तुमचाच ठोका आहे! तीन अगदी तसाच झुकलाय. फक्त त्याच्याखाली एक आठ आहे. आधी आठ ठोकलाय आणि मग त्याच्यावर..."

पंखा थांबला.

"ओरा," थर्मन घाईने म्हणाला, "आत जा तू, ऊन आलंय."

"आठावर तीन?" ओराचा आवाज एकदम बारीक झाला. "नंबर वाच."

"दोन, शून्य, सहा..." वेंडेलने सुरुवात केली.

"नऊ, तीन, एक," ओरा म्हणाली.

आकडे अगदी तेच होते. वेंडेलच्या हातातली टॉर्च चालूच होती, ती बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"बत्तीस वर्षं नोकरी केली मी," ओरा सावकाश म्हणाली, "इथे आणि नंतर दुसरीकडे. एकदाच चुकले. सोळा एप्रिल. फोरमन मागे उभा होता, घाईत आठाचा ठसा हाताला लागला, तोच बसला. इंजिन बाजूला काढून सांगायला हवं होतं. मी वरून तीन ठोकला आणि पुढे ढकलून दिलं. रात्रभर रडले. म्हटलं, गाडी कुठल्या तरी गॅरेजात उघडतील, कंपनीला कळवतील, आणि मग संपलं. हे फक्त एका माणसाला सांगितलं होतं मी." ती थर्मनकडे वळली. "तुला."

थर्मन खिशातलं फडकं काढून उगाच आरसा पुसू लागला.

"थर्मन गेन्स, मी तुझ्याशी बोलतेय."

"नंबर तूच सांगितला होतास," तो म्हणाला. "बॉडी माझ्याच लाइनवरून गेली. कुठे जाते ते बघून ठेवलं. बे रोडवरच्या शोरूमला गेली. महिना-दीड महिना रोज जाऊन बघायचो. एके दिवशी एक पोरगा चालवून बघायला निघाला. चेहऱ्यावरूनच कळत होतं, महिन्याभरात इंजिन फोडून वॉरंटीला घेऊन येणार. मग मी आत गेलो आणि म्हटलं, ही मला द्या."

"घराचे पैसे देऊन."

"दुसरे कुठे होते?"

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? गाडी परत करायला लावली असतीस आणि दुसऱ्या दिवशी फोरमनपुढे उभी राहून कबूल केलं असतंस. ओळखतो मी तुला."

ओराने पंखा जोरजोरात हलवला.

"मग कंपनी बुडाल्यावर? तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"तोवर तू गाडीवरून भांडायला इतकी तरबेज झाली होतीस," थर्मन म्हणाला, "की तुझी मजा घालवावीशी वाटेना."

"आणि हा?" तिने पंखा वेंडेलकडे रोखला. "याने भर प्रदर्शनात तुला बनावट ठरवलं तेव्हा?"

"तेव्हा सांगायचं म्हणजे तुझं नाव घ्यावं लागलं असतं. तोपर्यंत अख्खं चर्च सांगत होतं, ओरा गेन्सचा हात कधी चुकत नाही. असू दे म्हटलं. माझं नाव गेलं, एवढंच."

वेंडेलने कार्ड खिशातून काढून फाडलं. चार तुकडे केले, तरी समाधान होईना, मग आठ केले. "मिस्टर गेन्स," तो म्हणाला, "तुम्ही मला त्या दिवशी दोन ठेवून द्यायला हव्या होत्या."

"गुडघा दुखत होता," थर्मन म्हणाला.

मग वेंडेलने पेटीवर तपासणीचा कागद ठेवून गाडीची एकेक बाब लिहून काढली आणि घसा साफ केला. भाव सांगताना त्याचा आवाज आपोआप वकिलासारखा व्हायचा. "एकच मालक, मूळ रंग, मूळ इंजिन. आणि ज्या हाताने नंबर ठोकला त्या हाताची लेखी साक्ष. असा कागद या धंद्यात मी कधी पाहिला नाही, कुणी पाहिला असेल असंही वाटत नाही. मिसेस गेन्स, तुम्ही लिहून दिलंत तर एक लाख सत्तर हजार. कमी नाही."

"काय लिहून द्यायचं?"

"जे झालं ते. सोळा एप्रिलला आठ चुकून ठोकला, म्हणून."

"म्हणजे मी चुकले असं."

"हो."

"आणि त्यानेच भाव वाढणार?"

"सव्वा लाखाहून जास्त."

ओराने त्याच्याकडे, मग गाडीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "एका चुकीचे एवढे? तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी आणखी दहा-बारा केल्या असत्या, बाळा."

दुसरा कोरा कागद मांडीवर घेऊन तिने डाव्या हाताने लिहिलं. चार ओळीच, पण लिहायला बराच वेळ लागला. सही केली, तारीख घातली, कागद वेंडेलला दिला. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली आणि गॅरेजच्या उंबऱ्यापाशी थांबली, तिथे इतकी वर्षं थांबत आली होती तशी.

"डॉक्टर शनिवारी येणार, नाही का?" ती म्हणाली.

"त्याला आता परवडायची नाही," थर्मन म्हणाला. "दुसरा कुणी येईल. विकावी तर लागेलच, ओरा. मेकनला जागा कुठाय?"

"आज काय वार?"

"मंगळवार."

ती उंबरा ओलांडून आत आली. गाडीला वळसा घालून, बॉनेटपाशी क्षणभर थांबून, पण आत न डोकावता, ती पलीकडच्या दाराशी गेली आणि तिने ते उघडलं. दार पहिल्यांदा जरा कुरकुरलं. पिवळ्या प्लास्टिककडे तिने चष्म्यावरून पाहिलं, कोपऱ्यात नख खुपसलं आणि एका झटक्यात टरकन फाडलं.

वेंडेलचा हात आपोआप पुढे झाला. तीन हजार! त्याच्या तोंडून 'अहो' एवढंच निघालं, आणि मग त्याने तो हात खिशात घातला.

सगळं प्लास्टिक ओढून काढून तिने त्याचा बोळा वेंडेलच्या हातात कोंबला. खालची सीट काळी कुळकुळीत होती, काल आणल्यासारखी. ओरा बसली, झगा नीट केला, पर्स मांडीवर घेतली. पट्टा कसा लावायचा ते तिला माहीत नव्हतं. थर्मनने वाकून तो लावला आणि बाहीने डोळे पुसले.

"रडू नकोस," ती म्हणाली. "गाडी चालवायचीय तुला."

"कुठे जायचं?"

"बे रोडला. दाखव मला कुठून घेतलीस ते. आणि शनिवारपर्यंत रोज न्यायचं. बावन्न वर्षांचं राहिलंय."

गाडी अंगणातून बाहेर पडली तेव्हा शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरल्या. वेंडेल प्लास्टिकचा बोळा हातात घेऊन उभा होता. थोड्या वेळाने त्याने पेटीवरचा कागद उचलला, 'प्रवाशाची सीट: न वापरलेली, कारखान्याचं प्लास्टिक शाबूत' ही ओळ खोडली, आणि तिच्या जागी 'वापरात' असं लिहिलं.